यंत्राने कोरडं दाखवलं, त्याचं कारण शोधू या: रावेरच्या वाचकाला उत्तर

भाऊ, केळीच्या बागेत बिनतारी सेन्सरचं जाळं कसं चालतं आणि त्यातून येणाऱ्या नोंदींचं विश्लेषण कसं करतात, यावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत: "सर, हे सगळं पेपर छापण्यापुरतं. कॉम्प्युटरवर शंभर ठिपके टाकायचे, रेघा मारायच्या, झालं संशोधन. आमच्या शेजाऱ्याने ओलाव्याचं यंत्र बसवलं होतं, ठिबक चार तास चालून झालं तरी ते कोरडंच दाखवायचं. मूठभर माती दाबली की मला कळतं पाणी द्यायचं की नाही. आणि तुमचे दाखले सगळे परदेशातले. तिकडचे बटाटे आणि आमची केळी, मेळ कुठे बसतो?" खाली फक्त 'एक केळीवाला, रावेर तालुका' एवढीच सही.

दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण तुमचा राग निम्मा तरी योग्य जागी आहे, आणि उरलेल्या निम्म्याशी मला मनापासून वाद घालायचाय.

शंभर ठिपक्यांचं आधी. हा आकडा तुम्ही सहज लिहिला असेल, पण तो अगदी नेमका पडलाय. एमआयटीत वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी २००० साली 'लीच' नावाची पद्धत मांडली. कल्पना सुंदर होती. प्रत्येक सेन्सरने लांबच्या केंद्राशी थेट बोलायचं नाही. जवळच्यांचे गट करायचे, गटातल्या एकाने सगळ्यांच्या नोंदी गोळा करून, आवळून, एकदाच पाठवायच्या, आणि हे काम आळीपाळीने फिरवायचं, म्हणजे एकाचीच बॅटरी आधी संपत नाही. कारण असल्या यंत्रात गणित करायला फार थोडी वीज लागते, खरा खर्च रेडिओवरून बोलण्याचा. २००२ च्या निबंधात त्यांनी ही पद्धत संगणकावर १०० मीटर बाय १०० मीटरच्या चौकोनात १०० सेन्सर टाकून तपासली. म्हणजे बरोबर एक हेक्टर, आपले अडीच एकर.

मूळ काम चोखच होतं. पुढे मात्र त्याच रिकाम्या चौकोनावर गटप्रमुख निवडायचा नियम थोडासा बदलायचा, जाळं आधीपेक्षा जास्त टिकतं असा आलेख काढायचा आणि शीर्षकात 'शेतीसाठी' असा शब्द घालायचा, अशा निबंधांचा ढीग झाला. आपल्याकडेही झाला. त्या चौकोनात एकही झाड नाही. दीड बाय दीड मीटरवर लावलेल्या एक हेक्टर केळीत ४,४४४ झाडं असतात, आणि केळीचं खोड म्हणजे बहुतांश पाणीच. बिनतारी सेन्सर बऱ्याचदा वापरतात त्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात चांगल्याच शोषल्या जातात. मृगबागेत जुलै महिन्यात पानं एकमेकांना भिडलेली नसतात, तेव्हा दोन सेन्सर एकमेकांना सहज ऐकतात. बाग दाटली की तेच दोन सेन्सर मुके होतात. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो, लोरा नावाचं तंत्र तोच वापरतं, आणि त्या लहरी पानांतून जास्त बऱ्या जातात. तरी अँटेना पानांच्या वर काढावीच लागते. हे रिकाम्या चौकोनात कधीच दिसणार नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की बागेत एक हंगाम न काढलेल्या पद्धतीला 'केळीसाठी' म्हणू नये. इथवर तुमचं-माझं एकच म्हणणं आहे.

पण 'म्हणून हे सगळं फुकट' हे त्यातून निघत नाही. त्यातून निघतं ते असं की हे काम रावेर-यावलच्या शिवारात येऊन करावं लागेल. शेजाऱ्यांच्या यंत्राचंच घ्या, कारण तुमच्या पूर्ण प्रतिक्रियेत मला सर्वांत मोलाची वाटली ती तीच ओळ.

ओलाव्याचा हा सेन्सर पाणी थेट मोजत नाही. आपल्याकडे सर्रास मिळणारे बरेचसे सेन्सर विद्युत धारिता मोजतात, म्हणजे मातीत खुपसलेल्या दांडीभोवतीचा पदार्थ विद्युतक्षेत्राला किती दाद देतो ते. पाण्याचा हा अंक सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५, हवेचा १. तिन्हींच्या मिश्रणावरून ओलाव्याचा अंदाज काढायचा. १९८० मध्ये टॉप, डेव्हिस आणि अ‍ॅनन यांनी या अंकावरून ओलावा काढायचं जे समीकरण दिलं, ते अनेक प्रकारच्या मातीत चालतं, पण भारी चिकणमातीत गडबडतं. आता आपली काळी माती बघा. ती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते आणि भेगा पडतात. भेग नेमकी कुठे पडते? जिथे आधीच काहीतरी खुपसलेलं आहे तिथे ती सहज पडते. दांडीच्या अंगाला बोटाच्या नखाएवढी पोकळी झाली, की सेन्सर मातीऐवजी हवा मोजू लागतो, आणि हवेचा अंक १. वरून ठिबक चालू, मुळाशी चिखल, आणि पडद्यावर 'कोरडं'. काही वेळा पाणी त्या भेगेतूनच थेट खाली निघून जातं आणि दांडीला धड भिजवतही नाही. चार तासांनंतरही कोरडं दाखवायला एवढं पुरेसं आहे, यंत्र बिघडलेलं असायलाच हवं असं नाही.

दुसरी शक्यता जागेची. भारी जमिनीत ड्रीपरचं पाणी आडवं जास्त पसरतं, हलक्या जमिनीत सरळ खाली उतरतं. तापीकाठची गाळाची जमीन आणि सातपुड्याच्या पायथ्याची जमीन एकाच तालुक्यात असूनही सारखी वागत नाही. ड्रीपरपासून वीतभर अंतरावर लावलेली दांडी आणि हातभर अंतरावर लावलेली दांडी एकाच झाडाबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. बसवणाऱ्याने अंतर लिहून ठेवलं नसेल, तर त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. याच्या उलट चूकही होते. ठिबकमधून पांढरा पोटॅश सोडला की मातीतले क्षार वाढतात आणि स्वस्तातले सेन्सर माती आहे त्यापेक्षा ओली दाखवतात.

आपल्या जमिनीसाठी सेन्सरचा आकडा खरा करून घ्यायची रीत जुनी आणि सोपी आहे. दांडीजवळची माती काढायची, ओली असताना वजन करायची, १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये सुकवायची, पुन्हा वजन करायची. ओली, वाफशावरची, कोरडी अशा निरनिराळ्या अवस्थांत हे केलं की सेन्सरचा आकडा आणि खरा ओलावा यांची रेघ जुळवता येते. काळ्या मातीत घनताही ओलाव्याबरोबर बदलते, तेवढं भान ठेवावं लागतं. तालुक्यातल्या चार-पाच प्रकारच्या जमिनींसाठी अशा रेघा काढून सगळ्यांना खुल्या केल्या, तर त्या एका कामाची किंमत रिकाम्या चौकोनावरच्या ढीगभर निबंधांपेक्षा जास्त आहे. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, पालला कृषी विज्ञान केंद्र आहे, विद्यापीठात संगणकशास्त्राचा विभाग आहे. यासाठी परदेशात जायची गरज नाही.

आता मूठ. मूठभर माती दाबून ओलावा ओळखणं ही रीत मी कमी लेखत नाही, शेतीशास्त्रानेही ती मान्य केलेली आहे. पण तुमची मूठ वरच्या वीतभर मातीची असते, दिवसा असते आणि तुम्ही बांधावर असाल तेव्हाच असते. थ्री-फेज रात्रीची असते त्या आठवड्यात मोटर चालू करतो सालदार, आणि किती वेळ चालवायची हे ठरतं लाइट किती वेळ राहते त्यावर. त्या रात्री दोन फुटांवर पाणी पोचलं की मुळांच्या खाली वाहून गेलं, हे मुठीला कळत नाही. यावल-रावेरमध्ये ट्यूबवेल वर्षागणिक किती खोल जातायत हे मी तुम्हाला सांगायला नको. खाली वाहून गेलेल्या प्रत्येक तासाच्या पाण्याबरोबर खतही जातं.

माझी इच्छा अशी की मूठ आणि सेन्सर एकाच वहीत यावेत. माती दाबून बघाल तेव्हा 'चिखल', 'वाफसा', 'कोरडी' यांपैकी एक शब्द, तारीख आणि वेळ लिहा. विश्लेषण करणाऱ्याला नुसत्या आकड्यांच्या रांगेपेक्षा ही वही फार मोठी मदत करते, कारण यंत्राला शिकवायचं असेल तर 'या आकड्याला जाणता माणूस काय म्हणाला' हे माहीत असावं लागतं. आज ते ज्ञान तुमच्या हातात आहे आणि डेटात कुठेच नाही. संशोधकाने ते मागायला तुमच्या दारात यायला हवं.

बटाट्यांच्या दाखल्याबद्दल. तो मी त्यांची शेती थोर म्हणून दिला नव्हता. नेदरलँड्समध्ये २००५ च्या हंगामात बटाट्याच्या शेतात करपा येण्याआधी ओळखण्यासाठी शंभरच्या आसपास सेन्सर लावले, आणि अपेक्षित नोंदींपैकी सुमारे २ टक्केच हाती आल्या. त्या संशोधकांनी पुढच्या वर्षी हे सगळं, कुठे काय बिघडलं त्यासकट, जसंच्या तसं छापलं. डेल्फ्टच्या विद्यापीठाला जे लिहायला संकोच वाटला नाही, ते आपल्या प्रबंधांत का येत नाही, हा माझा प्रश्न होता. देशातलं उदाहरण हवं तर कर्नाटकात पावगड भागात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रसंस्थेबरोबर कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी असं जाळं उभारायला घेतलं होतं. त्यांनी आधी शेतकऱ्यांना कोणती माहिती हवी आहे याची पाहणी केली. मला तो क्रम आवडतो.

गळालेल्या नोंदींचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा थांबतो, कारण केळीवाल्याच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे. विश्लेषणात सर्वांत सोपी पळवाट म्हणजे रिकाम्या जागी सरासरी भरणं. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रूबिन यांनी १९७६ मध्येच दाखवलं की नोंद का गळली हे समजून न घेता भरलेला आकडा फसवतो. थंडीतली रात्र घ्या. आकाश निरभ्र, वारा पडलेला, सातपुड्याकडून गार हवा उतरून सखल शेतात साचते. तिथेच केळीला चरका बसतो. थंडीत बॅटरीचा दाब (व्होल्टेज) उतरतो, म्हणजे सर्वांत गार जागचा अशक्त सेन्सरच पहाटे बंद पडायची शक्यता जास्त. आपण तिथे शेजारच्या उंच शेतातल्या सेन्सरची सरासरी भरली, की कागदावर त्या रात्री थंडी पडलीच नाही. नुकसान झालं त्याच शेताचा पुरावा आपण आपल्या हाताने पुसतो.

हवामानावर आधारित फळपीक विम्यात केंद्रावर नोंदलेलं तापमानच निकष असतं, आणि राज्याच्या महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळाला एक अशी आहेत. एका मंडळात उंचवटाही असतो आणि नाल्याकाठचा सखल पट्टाही. अशा एका मंडळात मोजकेच तपासून घेतलेले तापमापक लावून केंद्रावरचा आणि शिवारातला पारा किती वेगळा पडतो हे दोन हिवाळे मोजणं, माझ्या मते खान्देशात या विषयातलं सर्वांत निकडीचं काम आहे. त्यासाठी गळालेली नोंद गळालेली म्हणूनच दाखवावी आणि प्रत्येक नोंदीबरोबर बॅटरीचा दाबही साठवावा.

बॅटरीचा दाब का, ते इंटेलच्या बर्कलीतल्या प्रयोगशाळेच्या नोंदींतून समजतं. २००४ च्या फेब्रुवारीअखेरपासून ५ एप्रिलपर्यंत ५४ सेन्सरनी दर ३१ सेकंदांनी तापमान, आर्द्रता, उजेड आणि बॅटरीचा दाब नोंदवला, एकूण सुमारे २३ लाख नोंदी. त्यात बऱ्याच सेन्सरचं तापमान शेवटी शेवटी शंभर अंशांच्या वर चढलेलं दिसतं. वातानुकूलित खोलीत! दाबाचा रकाना शेजारी ठेवला की उलगडा होतो: बॅटरी संपत आली की सेन्सर खोटं बोलू लागतो. तो रकाना नसता, तर कारण कधीच कळलं नसतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात असतो. साध्या लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं बनवणारेच सांगतात, आणि उन्हातल्या बंद डबीत तापमान बाहेरच्यापेक्षा जास्तच. सौर पट्टी भर दुपारी जोरात, तेव्हाच बॅटरी चार्ज घ्यायला नालायक. डबी सावलीत, पांढऱ्या रंगाची, हवा खेळती ठेवणारी हवी, किंवा उष्णता सोसणारी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हवी. विकणारा यावर काही बोलत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

आता तुमच्याकडे माझं एक मागणं. शेजाऱ्यांना विचारून कळवा: यंत्र कोणत्या महिन्यात कोरडं दाखवत होतं, दांडी किती खोल आणि ड्रीपरपासून किती अंतरावर होती, उपटताना तिच्या अंगाला माती चिकटलेली होती की बाजूला पोकळी होती, आणि आदल्या दिवशी ठिबकमधून काय सोडलं होतं. यंत्रात किंवा मोबाइलवर जुन्या नोंदी असतील तर त्या पुसू देऊ नका, कोरडं दाखवणाऱ्या तर मुळीच नाही. त्या नोंदी आणि दांडीच्या खोलीवरून काढलेली किलोभर माती मिळाली, तर ती इथे प्रयोगशाळेत सुकवून रेघ काढतो आणि आकड्यांसकट याच जागी लिहितो. तपासाअंती यंत्रच नादुरुस्त निघालं, तर तसंच लिहीन.