ठसे म्हणजे सजावट नव्हे
चित्रकर्ती एन्जिडेका अकुनिली क्रॉसबी यांच्या कलेवरील एका लेखात त्यांच्या चित्रांतील छायाचित्रांच्या ठशांना ‘सजावट’ म्हटले आहे, ते मला पटत नाही. १९८३ मध्ये नायजेरियात जन्मलेल्या आणि १९९९ मध्ये अमेरिकेत गेलेल्या या चित्रकर्ती नायजेरियन मासिके व कौटुंबिक अल्बम यांतील छायाचित्रे अ‍ॅसिटोन या द्रावकाच्या (शाई विरघळवणाऱ्या द्रवाच्या) साहाय्याने कागदावर उतरवतात आणि त्यांच्या जोडीने अ‍ॅक्रिलिक रंग, रंगीत पेन्सिली वापरतात. त्यामुळे दुरून एकटी भासणारी स्त्री जवळून पाहता असंख्य पुसट चेहऱ्यांनी वेढलेली आढळते. क्रॉसबी यांचे अमेरिकन पतीही काही चित्रांत दिसतात आणि त्या घरगुती जवळिकीतच दोन देशांमध्ये विभागलेल्या ओळखीचा प्रश्न कोणत्याही घोषणेविना उभा राहतो. लेखाने तंत्राची बोळवण मात्र एका ओळीत केली आहे.