फीत कापून झाल्यानंतरची वाट : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

भटकंतीच्या वाटा बांधण्यासाठी आणि राखण्यासाठी पैसा देणाऱ्या अमेरिकेतील ‘रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्रॅम’ या अनुदान योजनेवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि परखडपणे लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : मूठभर हौशी लोकांच्या भटकंतीवर सर्वसामान्य करदात्याचा पैसा खर्च करणे अन्यायाचे आहे, सरकारी पैसा आला की स्वयंसेवकांची उमेद मरते, आणि सह्याद्रीतील गडवाटा तर कोणत्याही अनुदानावाचून शतकानुशतके टिकल्या, शिवाय कागदपत्रांचे जंजाळ असे की अनुदान अखेर सधन गावांच्याच पदरात पडते. यांपैकी पहिले तीन आक्षेप मला मान्य नाहीत. चौथ्यात तथ्य आहे, मात्र त्याचे मूळ मला कागदपत्रांपलीकडे दिसते.

हा पैसा सर्वसामान्य करदात्याचा नाही. पेट्रोलच्या प्रत्येक गॅलनवर अमेरिकेचे केंद्र सरकार १८.४ सेंट कर घेते आणि तो मुख्यतः महामार्गांसाठी असतो. स्नोमोबाइल (बर्फावरून धावणारी गाडी), एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी छोटी उघडी गाडी) किंवा डोंगरात चालवायची मोटारसायकल महामार्गावर धावत नाही, तरी तिच्या इंधनावर हा कर भरला जातोच. त्या करातील काही हिस्सा भटकंतीच्या वाटांकडे परत वळवावा, या विचारातून १९९१ च्या कायद्याने ही योजना आली. वर्षाला सुमारे ८ कोटी ४० लाख डॉलर एवढीच तिची तरतूद आहे, आणि असा जमा होणारा कर त्याहून कितीतरी अधिक असल्याचा अंदाज आहे. म्हणजे तक्रार करायचीच झाली तर ती स्नोमोबाइलवाल्यांनी करावी; आपण आणि मी नव्हे.

मग त्यांच्या पैशावर पायी चालणाऱ्यांनी का चालावे, असे आपण विचाराल. कायद्याने प्रत्येक राज्याच्या निधीची वाटणी ठरवून दिली आहे : ३० टक्के मोटारवाहनांच्या वाटांसाठी, ३० टक्के पायी, सायकलने वा घोड्यावरून जाणाऱ्यांसाठी आणि ४० टक्के एकाहून अधिक प्रकारच्या वापराच्या वाटांसाठी. (कनेक्टिकट, डेलावेअर, ऱ्होड आयलंड अशा चिमुकल्या राज्यांना यातून सूट आहे.) ही तडजोड आहे आणि मला ती शहाणपणाची वाटते. जेथे १ मे १९९१ रोजी मोटारवाहनांना बंदी होती किंवा ती जातच नव्हती, अशा मुख्यतः पादचाऱ्यांच्या वाटा या निधीतून वाहनांसाठी खुल्या करता येत नाहीत. सक्तीने जमीन संपादन करण्यासही तो वापरता येत नाही.

स्वयंसेवकांविषयी आपण व्यक्त केलेली भीती या योजनेच्या रचनेशी जुळत नाही. केंद्राचा वाटा साधारणपणे ८० टक्के असतो. उरलेला २० टक्के अर्जदाराने उभारायचा असतो आणि त्यात स्वयंसेवकांच्या श्रमाच्या तासांचे मूल्य धरता येते. श्रमदान करणारी माणसे ज्या गावापाशी आहेत, त्याचा अर्जच येथे अधिक बळकट ठरतो. अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगरांतून जाणारी सुमारे ३,५०० किलोमीटरची ॲपलाचियन ट्रेल ही पायवाट आजही तिसेक स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक राखतात. पण पुलाचे सामान, पडलेली झाडे कापायची यंत्रे आणि ती चालवायचे प्रशिक्षण फुकट मिळत नाही.

सह्याद्रीतील वाटा टिकल्या हे खरे, परंतु त्या आपोआप टिकल्या नाहीत. गुराखी, मोळीविक्ये, घाटावरून कोकणात बाजाराला उतरणारे लोक त्या रोज तुडवत होते आणि ढासळलेला दगड जागच्या जागी बसवत होते. ती वर्दळ आटली आणि तिच्या जागी शनिवार-रविवारची गर्दी आली. चिखल टाळण्यासाठी मूळ वाटेशेजारून चालणाऱ्या शेकडो पायांनी पावसाळ्यात डोंगराची माती कशी सुटते, हे कळसूबाईला जाणाऱ्या कोणालाही दिसते.

आता चौथा आक्षेप, सधन गावांचा. ही योजना खर्चाची प्रतिपूर्ती करते. आधी काम, मग पैसा. एक लाख डॉलरच्या कामात गावाने वीस हजारांचा वाटा श्रमदानातून उभा केला, तरी उरलेले ऐंशी हजार आधी स्वतःच्या तिजोरीतून काढावे लागतात. काही राज्ये टप्प्याटप्प्याने बिले चुकती करतात, तरी पहिल्या टप्प्याची रक्कम लागतेच. त्यात पर्यावरण आणि ऐतिहासिक वारसा यांविषयीची तपासणी छोट्या लाकडी पुलालाही चुकत नाही. ज्या गावात पगारी नियोजन अधिकारी आहे ते हे निभावून नेते; ज्या गावात एकच कारकून सगळे पाहतो ते अर्जच करत नाही. लहान कामांना आगाऊ रक्कम द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला त्याहून मोठी वाटणारी उणीव आपल्या पत्रात आलेली नाही. कायद्याने निधी वाटताना वाटेवर कोण चालतो हे पाहिले. वाट नवी की जुनी, हे पाहिले नाही. देखभाल या योजनेत बसते, आणि हे तिचे वेगळेपण आहे, कारण ‘लँड अँड वॉटर कन्झर्व्हेशन फंड’ या १९६४ च्या कायद्यातून राज्यांना मिळणारे अनुदान जमीन घेण्यास आणि बांधकामास चालते, नित्याच्या देखभालीस चालत नाही. तरीही देखभालीसाठी राखीव टक्का येथेही नाही. नव्या वाटेची फीत कापता येते. पाणी बाजूला काढणारे चर उपसल्याचा समारंभ कोणी करत नाही. कौलारू घराची शाकारणी पावसाळ्याआधी चुकली की आतल्या भिंती जातात, तसेच वाटेचे आहे. पाण्याला बाहेर काढणारा तिरकस चर गाळाने भरला की पाणी वाटेवरूनच धावते, तिचा ओढा करते, आणि फावड्याने होणाऱ्या कामासाठी पुढे यंत्र आणावे लागते. नव्या वाटेच्या अर्जासोबत पुढील देखभालीची हमी घेतात. पण हमी देणारी समिती बदलली आणि स्वयंसेवक थकले की ती कागदावर राहते.

आपण मिनेसोटात राहता असे लिहिले आहे. तेथे ही योजना राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग राबवतो. प्रत्येक राज्यात मोटारवाहनांचे आणि पायी चालणाऱ्यांचे, अशा दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी असलेली सल्लागार समिती असावी आणि तिने वर्षातून किमान एकदा बसावे, असे कायदा सांगतो. योजनाच बंद करावी ही आपली मागणी त्या समितीच्या हातातली नाही. परंतु जुन्या वाटांच्या दुरुस्तीच्या अर्जांना अधिक प्राधान्य मिळावे, ही मागणी तिच्यापुढे नेता येईल. तिथला रहिवासी म्हणून ती माझ्यापेक्षा आपण अधिक अधिकाराने करू शकता.

आपला स्नेहांकित,
लेखक