दोन स्टारवाल्या भाऊंना उत्तर: बाटली नंबर 2 आणि बाटली नंबर 31

भाऊ नमस्कार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, त्याची माफी आधीच मागून घेतो, कारण पुढं कशाची मागायची अन् कशाची नाही हे मलाच लिहिता लिहिता ठरवायचं आहे.

बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो, भाऊंनी आमच्याकडून मॅट क्लिअरच्या, म्हणजे छोट्या मॉडेलची चमक मारायला शेवटी वरून मारायच्या बिनरंगी थराच्या, दोन बाटल्या मागवल्या होत्या. एक बाटली 1:72 च्या (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या) मिग-21 बायसन लढाऊ विमानावर मारली तर विमान तेल लावल्यासारखं चमकते, दुसरी 1:35 च्या सेंच्युरियन टँकवर मारली तर टँक चुन्यात बुडवून काढल्यासारखा पांढरा पडला. विमानाची काच धुरकटली, डेकलखाली (मॉडेलवर पाण्यानं चिकटवायच्या छापील खुणांखाली) चांदी दिसते, फोन केला तर मालक म्हणे "नीट हलवली का" अन् फोन ठेवून दिला. शेवटी दोन स्टार देऊन लिहिलं, "गावठी माल".

खरं सांगतो, वाचल्या वाचल्या डोकं खराब झालं. त्याच रात्री हे एवढं मोठं उत्तर लिहून ठेवलं होतं, त्यात सगळी चूक तुमचीच होती. टाकणारच होतो, पण तुमचा फोटो मोठा करून पाहिला तर दोन्ही झाकणं दिसली, झाकणावर मार्करनं आकडे. एकावर 2, दुसऱ्यावर 31. ते अक्षर माझं आहे.

आता हे आकडे काय ते सांगतो. मी एक लिटरच्या डब्यातून 30 एमएलच्या बाटल्या स्वतः भरतो, दुकानातच, रेडियम कटिंगच्या टेबलावर. आमचा मुख्य धंदा नंबरप्लेट अन् ट्रॉफ्यांचा, मॉडेलचा शौक आधी होता, विक्री मागून सुरू झाली. त्या दिवशी डबा सुरुवातीला एकदा ढवळला अन् मग नंबरप्लेटवाले येत राहिले, मधे मधे उठत राहिलो, बत्तीस बाटल्या भरायला दुपार गेली. ढवळलं पुन्हा एकदाही नाही.

मॅट क्लिअर म्हणजे काय हो, साधं चकचकीत क्लिअरच असते, त्यात बारीक सिलिकाची भुकटी घातलेली. पातळ थर वाळला की ही भुकटी वर खडबडीतपणा करते, डोळ्याला दिसत नाही इतका, अन् उजेड एका दिशेनं परतायच्या ऐवजी चारी बाजूंनी फाकतो, म्हणून चमक मरते. पण भुकटी जड, ती खाली बसते. पंगतीत वरण वाढणाऱ्यानं बादलीत पळी खालून घातली नाही तर पहिल्या ओळीला नुसतं पाणी अन् शेवटच्या ओळीला सगळा गाळ, तसंच. तुम्हाला दुसऱ्या पानावरचं पाणी गेलं अन् एकतिसाव्या पानावरचा गाळ. एकाच माणसाला दोन्ही टोकं मिळाली, नाहीतर कदाचित कोणाला कळलंही नसतं.

खात्री म्हणून दुकानात उरलेली 4 नंबर अन् 29 नंबर काढली, काळ्या प्लॅस्टिकच्या चमच्यांवर मारून पाहिली. काळ्यावर काही लपत नाही. 4 चा चमचा चमकून राहिला होता, 29 चा राखेत लोळवल्यासारखा. म्हणजे तुम्ही बाटली कितीही हलवली असती तरी उपयोग नव्हता, 2 नंबरमध्ये भुकटी होतीच कुठं हलायला. मी फोनवर तुम्हाला जे ऐकवलं ते स्वतःच पाळलं नव्हतं. फोन ठेवला तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं होतं हे खरं, पण वापस लावायला पाहिजे होता, नाही लावला. दोन्हीची माफी.

त्या डब्यातल्या बाटल्या ज्यांना ज्यांना गेल्या त्या सगळ्यांना मेसेज गेला आहे, बदलून देऊन राहिलो. आता प्रत्येक बाटली भरायच्या आधी डबा तळापासून ढवळतो अन् बाटलीत स्टेनलेसचे दोन छर्रे टाकतो. हलवल्यावर खडखड आवाज आला पाहिजे, अन् आवाज आल्यावरही दोन मिनिटं हलवा.

आता जे मी कबूल करणार नाही ते.

काच. बायसनची कॅनॉपी, म्हणजे पायलटवरची काच, न झाकता मॅट मारलं तर जगातलं कोणतंही मॅट ती धुरकटच करणार, ते त्याचं कामच आहे. टेप लावा, नाहीतर काच शेवटी चिकटवा. डेकलखालची चांदी पण आमच्या बाटलीची नाही. मॅट रंगावर सरळ डेकल बसवलं की खडबडीत जागेत हवा अडकते, तीच चमकते. आधी ग्लॉस (चकचकीत क्लिअर), मग डेकल, मग पुन्हा ग्लॉस, त्यावर वॉश (खाचांत उतरणारा पातळ काळपट रंग), अन् मॅट सगळ्यात शेवटी. हे पानं मांडायच्या आधी जागा सारवण्यासारखं आहे, कंटाळा येतो पण टाळता येत नाही.

अन् कूलर! तुमच्या फोटोत मागं कूलर फिरून राहिला भाऊ. मे महिन्यात वाशीमला कूलर बंद ठेवा म्हणणं म्हणजे पाप आहे, मला समजते, पण लॅकरचा थिनर उडतो तेव्हा तो पृष्ठभाग थंड करतो, अन् कूलरची ओली हवा तिथंच दव धरते, थर दुधाळ होतो. पावसाळ्यात हेच कूलरशिवाय होते. उलट कूलर बंद करून दुपारच्या 45 डिग्रीत माराल तर थेंब मॉडेलपर्यंत पोचायच्या आतच वाळतात अन् वर नुसती धूळ बसते, हात लावला तर पॉलिश पेपर. म्हणून मी उन्हाळ्यात सकाळी साडेपाच-सहाला मारतो, चहाच्या आधी. (आमच्या इकडं दिवाळीनंतर अजून एक पिडा, जिनिंग सुरू झालं की हवेत रुईचे तंतू, ओल्या क्लिअरवर बरोबर येऊन बसतात. त्या दिवसांत मॉडेल खोक्याखाली झाकून वाळवतो.)

एअरब्रशला 0.3 चा नोझल, हवेचा दाब 15 ते 20 पीएसआय, अर्ध्या वितेवरून, निम्म्याला निम्मं थिनर अन् हलके तीन-चार हात. एकाच हातात ओलं करून टाकलं तर कोपऱ्यात, रिव्हेटभोवती क्लिअर साचते अन् तिथंच पांढरं होते. कंप्रेसरला मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा) लावाच.

तुमचा टँक खरडू मात्र नका! फोटोत त्याच्या बाजूवर "फामागुस्ता" लिहिलेलं दिसलं. ज्या टँकमध्ये लढता लढता पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल शहीद झाले त्याचं ते नाव. 16 डिसेंबर 1971, बसंतरची लढाई, 21 वर्षांचं पोरगं, परमवीर चक्र. तो टँक माझ्या बाटलीनं पांढरा झालेला पाहून मलाच कसंतरी झालं. एक करा, खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. ओलं असेपर्यंत तिथला हिरवा रंग वापस आला तर टँक वाचला समजा, कारण पांढरेपणा वरच्या खडबडीत भुकटीचा आहे, वर ग्लॉसचा हात मारला की ती खाच भरते अन् रंग उघडा पडतो. तो नीट वाळला की वरून नवीन मॅट, हलक्या हातानं. रंग नाहीच आला तर काही मारू नका, मला फोन करा.

मिगचं काही बिघडलं नाही, नवीन मॅटचे दोन हात मारा. माझं मत विचाराल तर 1:72 च्या विमानाला एकदम मुर्दाड मॅट नकोच, थोडी साटीनची (अर्धवट चमकीची) झाक ठेवा, टँकला मुर्दाडच शोभते. 26 सप्टेंबर 2025 ला मिग-21 हवाई दलातून निवृत्त झालं तेव्हापासून बायसन करणारे खूप वाढले अन् अर्धे जण त्याला पाटीवरच्या खडूसारखं करून ठेवतात. मॅट झाल्यावर सारखं हातात घेऊ नका, बोटाच्या तेलानं अन् घासण्यानं तिथं चमक येते.

"गावठी माल" यावर काय बोलू. गावातच भरला होता अन् वाईट भरला होता, म्हणून ह्या वेळी ऐकून घेतो.

दोन्ही बाटल्यांचे पैसे तुमच्या खात्यात टाकले, पाहून घ्या. स्टार बदलायची गरज नाही. शुक्रवारच्या एसटीनं पार्सल पाठवून राहिलो, त्यात दोन बाटल्या आहेत, एक ग्लॉसची अन् एक मॅटची, ग्लॉसच्या झाकणावर 1 लिहिलं आहे, मॅटच्या 2. आधी थेंब ठेवून पाहा, मग 1, एक दिवस वाळू द्या, मग 2. अन् तेवढा वेळ कूलर बंद ठेवा बाप्पा.