भिंतीपलीकडे बघणारा मोबाइल आणि चार इंचांची गोष्ट

‘विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत टेराहर्ट्झ चिप तयार! वेग १००० गिगाहर्ट्झ, आजच्या मोबाइलच्या २०० पट, गिनीजमध्ये नोंद! दोन वर्षांत प्रत्येक फोन भिंतीपलीकडचं आणि कपड्यांआडचं दाखवणार. एका टॉवरवर अख्खं शहर चालणार. सावधान, या लहरी डीएनए तोडतात! शरीराला हितकारक टेराहर्ट्झ लहरी मात्र खास कांडीतून मिळतात, १०० आजारांवर उपाय.’

हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. (टेराहर्ट्झ लहरी म्हणजे सेकंदाला लाख कोटीच्या आसपास कंपनं असलेल्या, रेडिओ आणि इन्फ्रारेड यांच्या मधल्या लहरी. १ टेराहर्ट्झ म्हणजे १००० गिगाहर्ट्झ.) घरच्या ग्रुपवर तो आला आणि खाली मावशींनी ‘कांडी मागवू का?’ असं विचारलं, म्हणून हे लिहिणं आलं. त्याच लहरी एका ओळीत डीएनए तोडतात आणि पुढच्या ओळीत १०० आजार बरे करतात. हे फॉरवर्ड करणाऱ्या एकालाही खटकू नये?

‘१००० गिगाहर्ट्झचा वेग’

प्रोसेसरचे ५ गिगाहर्ट्झ म्हणजे त्याच्या घड्याळाचे ठोके. त्या ठोक्यांच्या तालावर अब्जावधी ट्रान्झिस्टर काम करतात. टेराहर्ट्झ चिपवरचा आकडा वेगळ्याच गोष्टीचा आहे: ती चिप किती वारंवारतेची लहर निर्माण करते, वाढवते किंवा ओळखते. तिच्यावर बरेचदा मोजके ट्रान्झिस्टर असतात आणि तिला दोन अधिक दोनही येत नाही. १००० गिगाहर्ट्झचं घड्याळ बसवलंच, तर एक ठोका १ पिकोसेकंदाचा. तेवढ्यात प्रकाश निर्वातात ०.३ मिलिमीटर जातो, चिपवरच्या तारेतला संदेश फार तर त्याच्या निम्मा. १० मिलिमीटरच्या चिपच्या या टोकाचा ठोका त्या टोकाला पोचेपर्यंत इथे साठाहून जास्त ठोके पडून गेलेले असतील. उष्णतेचं तर विचारूच नका.

गिनीजची नोंद खरी आहे, पण ती कशाची आहे? २०१४ मध्ये नॉर्थ्रॉप ग्रमन कंपनीने डार्पाच्या (अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या) कार्यक्रमात १ टेराहर्ट्झवर चालणारा ॲम्प्लिफायर, म्हणजे सिग्नलवर्धक, दाखवला. इंडियम फॉस्फाइडचे २५ नॅनोमीटरचे ट्रान्झिस्टर, एकामागे एक १० टप्पे, आणि एकूण गेन (वाढ) ९ डेसिबल. म्हणजे १० टप्पे ओलांडून सिग्नलची शक्ती जेमतेम ८ पट झाली, एका टप्प्यात सव्वापटही नाही. जागतिक विक्रम असा दिसतो.

विद्यापीठातल्या मंडळींना बहुधा साधं सिलिकॉन सीमॉस, म्हणजे नेहमीच्या चिपचंच तंत्र, वापरावं लागतं. त्यातला ट्रान्झिस्टर साधारण ३०० गिगाहर्ट्झच्या आसपास दम तोडतो, त्यापुढे तो सिग्नलची शक्ती वाढवूच शकत नाही. म्हणून १०० गिगाहर्ट्झचा ऑसिलेटर (लहर निर्माण करणारं सर्किट) करायचा, तो मुद्दाम वेडावाकडा चालवायचा आणि त्यातून तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळच्या तिप्पट वारंवारतेची, ३०० गिगाहर्ट्झची लहर, उचलायचा. हार्मोनिक मुळातच दुबळा. वाटेत तारांमध्ये, सिलिकॉनमध्ये आणि अँटेनामध्ये तो आणखी गळतो.

‘फोन भिंतीपलीकडचं दाखवणार’

सगळ्यात जास्त पसरलेलं आणि सगळ्यात बिनबुडाचं विधान हेच. याचा उगम मात्र सापडतो. २०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या केनेथ ओ यांच्या गटाने सीमॉसमध्ये टेराहर्ट्झ इमेजर, म्हणजे या लहरींनी चित्र टिपणारी चिप, करून दाखवला. विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकात भिंत, लाकूड, प्लॅस्टिक, कागद यांच्या आरपार बघण्याची शक्यता खरोखरच लिहिली होती. आकर्षक मथळा देण्याचा मोह विद्यापीठांनाही आवरत नाही. पण त्याच पत्रकात असंही होतं की, खासगीपणाच्या चिंतेमुळे हा गट चार इंचांहून कमी अंतरावरच्या उपयोगांवरच काम करतोय. चार इंच, म्हणजे १० सेंटिमीटर. मेसेज लिहिणाऱ्याने भिंत घेतली आणि चार इंच टाकून दिले. पुढे याच गटाने ३०० गिगाहर्ट्झच्या आसपास जे इमेजर केले, तेही वस्तूच्या अगदी जवळ धरण्यासाठीच.

अंतर वाढलं की काय होतं, ते कागदावर करून बघा. ३०० गिगाहर्ट्झची तरंगलांबी १ मिलिमीटर. फोनमध्ये अँटेनासाठी १ सेंटिमीटर जागा मिळाली असं धरू. ३ मीटरवर दिसणाऱ्या ठिपक्याचा आकार १.२२ गुणिले तरंगलांबी गुणिले अंतर भागिले अँटेनाची रुंदी, म्हणजे जवळपास ३७ सेंटिमीटर. माणसाची अख्खी छाती त्या चित्रात एक ठिपका. ही अडचण सॉफ्टवेअरने सुटत नाही, तिथे अँटेनाच मोठी लागते.

त्यात भिंत आडवी. कोरडा जिप्सम बोर्ड थोडंफार जाऊ देतो, पण ओलसर विटा आणि काँक्रीट बहुतेक सगळं गिळतात. पाण्याचा १ मिलिमीटरचा थर १ टेराहर्ट्झची लहर साधारण ९० डेसिबलने, म्हणजे १०० कोटी पटींनी कमी करतो. धातूचा तर पातळ वर्खही पुरतो. आणि पाठवायला आपल्याकडे शक्ती किती? कॅलटेकच्या गटाने २०१२ मध्ये १६ उत्सर्जकांची चिप केली, तीही दिशा वळवता येणारी. ०.२८ टेराहर्ट्झवर तिची एकूण शक्ती होती १९० मायक्रोवॉट. त्या काळी ही मोठी झेप होती.

प्रयोगशाळेतली ती सुंदर चित्रं मिळतात कशी, हेही मेसेजात नसतं. वस्तू मोटरवाल्या टेबलावर ठेवून एकेक ठिपका सरकवतात. स्रोत काही किलोहर्ट्झने चालू-बंद करतात, कारण डिटेक्टरचा गोंगाट कमी वारंवारतेला जास्त असतो. १०० गुणिले १०० ठिपके, प्रत्येकाला १० मिलिसेकंद धरले तरी १०० सेकंद. तेवढा वेळ समोरच्याने हलायचं नाही.

कपड्यांबद्दल अर्धसत्य आहे, ते मान्य करतो. कोरड्या कापडातून या लहरी जातात आणि विमानतळावरचे स्कॅनर याच गुणावर चालतात. पण ते मिलिमीटर लहरींचे, २४ ते ३० गिगाहर्ट्झच्या आसपासचे, आणि त्यांना माणूस मावेल एवढा कक्ष लागतो. तो खिशात मावत नाही.

‘दोन वर्षांत’

चिप चालणं वेगळं आणि ती पॅकेजमध्ये, म्हणजे बाहेरच्या जोडण्या असलेल्या आवरणात, बसवणं वेगळं. नेहमीच्या चिपला बाहेर जोडतात बाँड वायरने, म्हणजे अगदी बारीक तारेने. ०.३ मिलिमीटर लांबीच्या वायरचं इंडक्टन्स साधारण ०.३ नॅनोहेन्री, त्यामुळे ३०० गिगाहर्ट्झला तिचा अडथळा सुमारे ५६५ ओहम. सर्किट ५० ओहमचं, म्हणजे सिग्नल दारातूनच परत. म्हणून अँटेना चिपवरच करतात. तिथे दुसरा त्रास: सिलिकॉनचा परावैद्युत स्थिरांक ११.७ (हवेचा जवळपास १), त्यामुळे लहर हवेत जाण्याऐवजी खाली सिलिकॉनमध्येच शिरते आणि तिथेच भटकत राहते. उपाय म्हणून चिपच्या पाठीला उच्चरोधी सिलिकॉनचं भिंग चिकटवतात. ते जरा सरकलं की बीम तिरका.

चिप खरंच किती चांगली आहे, हे मोजतानाही फसायला होतं. २२० ते ३३० गिगाहर्ट्झच्या वेव्हगाइडची (लहर वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीची) आतली रुंदी ०.८६४ मिलिमीटर. वेफरवर, म्हणजे चिपा कापण्याआधीच्या सिलिकॉनच्या चकतीवर, प्रोब (मोजणीची सुई) टेकवताना तो किती दाबला यानेही आकडे हलतात. उपकरण आधी जुळवून घेण्याचे (कॅलिब्रेशनचे) नमुने त्याच वेफरवर नसतील, तर एखादा डेसिबल गेन हा भास निघू शकतो.

‘एका टॉवरवर शहर’

उलटं आहे. अँटेनाचा गेन, म्हणजे लहर एका दिशेला एकवटण्याची ताकद, तोच ठेवला, तर ३०० गिगाहर्ट्झला १ किलोमीटरवरची घट १४२ डेसिबल, ३ गिगाहर्ट्झला १०२. म्हणजे १०,००० पट कमी शक्ती पोचते. शिवाय हवेतलं बाष्प: ५५७ गिगाहर्ट्झच्या आसपास किलोमीटरला हजारो डेसिबल. माहिती पाठवण्याचा वेग मात्र खरोखरच मोठा मिळतो. २०१७ मध्ये हिरोशिमा विद्यापीठ आणि सहकाऱ्यांनी ३०० गिगाहर्ट्झच्या सीमॉस ट्रान्समीटरवर सेकंदाला १०५ गिगाबिट दाखवले. समोरासमोर रोखलेल्या दोन अँटेनांमध्ये हे जमेल. वळणावरच्या घरात नाही.

‘डीएनए तोडतात’

१ टेराहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे ४ मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट. शरीराच्या उबेतली रेणूंची हालचालच २७ मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्टची. पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला १२.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे या फोटॉनच्या ३००० पट. २०१० मध्ये लॉस अलामोसच्या संशोधकांचा एक सैद्धान्तिक पेपर आला होता, की अशा लहरींनी डीएनएच्या दोन धाग्यांच्या जोडीत अनुनाद होऊन फट पडू शकते. अफवेचं बी तिथलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गणिताने दाखवलं की, वास्तवातल्या परिस्थितीत तो परिणाम विरून जातो. भरपूर शक्ती ओतली तर त्वचा तापेल, हे खरं. मायक्रोवॉटने नाही.

कांडी

वर एवढं सगळं लिहिलं ते एका अर्थी यासाठीच. काही शे मायक्रोवॉट टेराहर्ट्झ काढायला प्रयोगशाळेत महागडा वेफर, भिंग आणि काही महिन्यांचं डिझाइन लागतं. कांडी म्हणून जे विकतात ते बहुधा हेअर ड्रायरचं भावंड: तापणारी तार, पंखा, पुढे क्वार्ट्‌झची नळी. तापलेली कुठलीही वस्तू थोडी टेराहर्ट्झ लहर सोडतेच. भिंत सोडते, टेबल सोडतं, मावशी स्वतः सोडतात. त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. आणि त्या लहरी त्वचेच्या वरच्या थरातल्या पाण्यातच मिलिमीटरच्या आत संपतात. यकृत, गुडघा, स्वादुपिंड यांच्यापर्यंत पोचत नाहीत.

गरम हवेने दुखणाऱ्या खांद्याला बरं वाटतं, ते शेकानेही वाटतं. पण मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर चटका बसलेला कळतही नाही आणि जखम चिघळते. मावशींना मधुमेह आहे. तेव्हा उत्तर: नको, मागवू नका.