मस्कतला जन्म घ्यायचा राहून गेला

आज ऑफिसातून केकचा तुकडा घेऊन आलोय, पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेला, निळं-लाल क्रीम सगळं नॅपकिनला लागलंय. टीममधला मित्र काल अमेरिकन नागरिक झाला, शपथ झाली, आज ब्रेकरूममध्ये केक कापला. मी टाळ्या वाजवल्या आणि मनापासून वाजवल्या, हे आधीच सांगतो नाहीतर खाली कोणीतरी "जळतोय" असं लिहिणारच. जळतोय. पण त्याच्यावर नाही.

हा गडी सदाशिव पेठेतला. 2017 ला इथे आला तेव्हा मीच त्याला डीएमव्हीत, म्हणजे लायसन्सच्या ऑफिसात, घेऊन गेलो, पहिले तीन महिने शेजारी बसवून काम दाखवलं. मी 2012 चा. दोघंही ईबी-टूमध्ये (नोकरीवरून ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळायची उच्चशिक्षितांची रांग), डिग्री तीच, पगारात फार तर उन्नीस-बीस. त्याचं ग्रीन कार्ड 2020 ला हातात आलं. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, नोव्हेंबर 2015 आणि मी अजून दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (कुठल्या तारखेपर्यंतच्यांचा नंबर आला ते सांगणारं सरकारी पत्रक) उघडून बसतो, जशी आई दहावीच्या निकालाला देवापुढे बसली होती तसा. फरक एवढाच की त्याचे वडील तेव्हा ओमानमध्ये नोकरीला होते म्हणून तो मस्कतला जन्मला. आठ महिन्यांचा असताना पुण्यात परत. मस्कत त्याने फोटोत पाहिलंय! पासपोर्ट आपल्यासारखाच निळा होता. पण कायदा पासपोर्ट बघत नाही, जन्म कुठे झाला ते बघतो. तो ओमानच्या खात्यात गेला, मी कराडच्या सरकारी दवाखान्यातला म्हणून भारताच्या.

गावाकडचे लोक विचारतात, अरे इतकी वर्षं झाली, अजून कार्ड कसं नाही, काही घोळ केलास का. घोळ हाच आहे बाबांनो. नोकरीवाल्यांसाठी वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार ग्रीन कार्डं, 1990 च्या कायद्यापासून तोच आकडा. त्यात कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांच्या वर नाही. भारताला 7, आइसलँडला पण 7. ईबी-टूच्या वाट्याला 40 हजार येतात, त्याचे 7 टक्के म्हणजे जेमतेम 2800, वर कधी दुसऱ्यांचं उरलंसुरलं मिळालं तर मिळालं. आणि यात फक्त नोकरी करणारा मोजत नाहीत, बायको-पोरंही मोजतात. म्हणजे मी एक इंजिनियर आणि आमच्या घरात तीन कार्डं लागणार. आणि गंमत बघा, एच-वन, म्हणजे नोकरीचा तात्पुरता व्हिसा, देताना देशाचा कोटा नाही, तेव्हा या या या, कितीही या. दार ऐसपैस आणि आत गेल्यावर खुर्च्या मोजून.

हो, माहितीये, कोणी हातपाय बांधून आणलं नव्हतं. एकाच देशाने सगळी कार्डं नेऊ नयेत हेही समजतं, आणि कोटा काढला तर उद्या ब्राझीलवाल्याला थांबावं लागेल हेही खरं. आपल्याच काही कन्सल्टन्सीवाल्यांनी काय काय उद्योग केले ते पण माहितीये. झालं? बोललो. पण मग मला सांगा, सदाशिव पेठेतला माणूस ओमानचा कसा काय?

वकीलबाईने एकदा मोठ्या आशेने विचारलं होतं, बायकोचा जन्म कुठला? नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असला तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत घालता येतं. मी म्हटलं, सांगोला. ती थोडं थांबून म्हणाली, हा कुठला देश? बायको मागून हसत होती. तेव्हा हसू यायचं.

2019 च्या जुलैत देशांचा कोटा काढायचं बिल हाऊसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात, 365 मतांनी पास झालं, त्या रात्री मी ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून पेढे आणले होते. वरच्या सभागृहाने, सिनेटने, पुढच्या वर्षी डिसेंबरात आपलं वेगळंच व्हर्जन पास केलं, दोन्हींचा मेळ बसायच्या आत त्या संसदेची मुदत संपली. पेढे मात्र आपण खाल्ले. मग 2022 च्या उन्हाळ्यात भारताची ईबी-टू तारीख धावत धावत डिसेंबर 2014 ला आली, मी म्हटलं आता अकरा महिने फक्त. कराड नगरपालिकेतून जन्मदाखला मागवला. भावाने दोन हेलपाटे मारून काढला, बघतो तर त्यात माझं नावच नाही, नुसतं "पुरुष", कारण बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली. मग मोठ्या काकूंचं अ‍ॅफिडेव्हिट, नोटरी, कुरियर. वर्ष संपायच्या आत तारीख उलटी फिरून 2011 ला गेली. दाखला फाइलमध्ये आहे, लॅमिनेट केलाय मूर्खासारखा.

हे सगळं मी सहन करीन हो, माझं काय. माझी मुलगी सहा वर्षांची असताना आली. ऑक्टोबरात 21 ची होईल आणि त्या दिवशी ती माझ्या व्हिसावरची डिपेंडंट राहणार नाही. इथेच शाळा, इथेच कॉलेज, आणि आता तिने विदेशी विद्यार्थिनी म्हणून एफ-वन, म्हणजे स्टुडंट व्हिसा, घ्यायचा, फी पण विदेशी म्हणून भरायची आणि शिकून झालं की परत जायचा इरादा आहे असं दाखवायचं. परत म्हणजे कुठे, तर कराडला, जिथे ती उन्हाळ्यात तीन आठवडे जाते आणि मोरीत पाल दिसली की ओरडते. संध्याकाळी केक बघून तिने विचारलं कोणाचा, मी सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आजोबांना गल्फमध्ये जॉब नव्हता का मिळाला?

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. काय सांगू तिला. हसलो.

मघाशी मित्राचा फोन आला, रविवारी घरी या, छोटी पार्टी आहे. आढेवेढे घेतले तर म्हणाला, भाऊ, तू नसशील तर कसली पार्टी. जाणार अर्थात. त्याचा काय दोष, वडिलांची बदली काय त्याने केली होती.

धाकटा इथलाच, जन्माने अमेरिकन, नऊ वर्षांचा. तो 21 चा झाला की आम्हाला स्पॉन्सर करू शकेल. आधी माझी तारीख येते की त्याची एकविशी, यावर आम्हा नवरा-बायकोची पैज आहे, बायको पोराच्या बाजूने. आत्ता तो खालच्या पायरीवर बसून उरलेला केक खातोय, झोप म्हटलं तर पाचच मिनिटं म्हणतो.