‘थ्रू द एजेस’ मी मोबाइलवरच का खेळतो

‘थ्रू द एजेस’ हा खेळ पट मांडून खेळण्यापेक्षा मोबाइलवर जास्त चांगला आहे. माझं हे मत आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना मान्य नाही, आणि यावरून आमचं इतकं बोलणं झालंय की एकदा नीट लिहून काढावं म्हटलं. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी. व्लादा ख्वातिल या चेक डिझायनरचा हा बोर्ड गेम २००६ साली आला आणि २०१५ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. दोन ते चार जण खेळतात. प्रत्येकाने आपली एक संस्कृती उभी करायची, प्राचीन काळापासून आजपर्यंत. यात नकाशा नाही, सगळं कार्डांवर चालतं. समोर १३ कार्डांची रांग असते. अलीकडची पाच एका ॲक्शनला (टर्नमध्ये करता येणाऱ्या मोजक्या कृतींपैकी एक) मिळतात, मधली चार दोनला, पलीकडची चार तीनला. थांबलात तर कार्ड स्वस्त होतं, पण तोवर दुसरा उचलतो. ॲरिस्टॉटल, मायकेलँजेलो, नेपोलियन, आइन्स्टाइन असे नेते आहेत. आश्चर्यांमध्ये पिरॅमिड आहे, आपला ताजमहाल आहे. आणि शेवटच्या युगात गांधीजी आहेत. ते तुमचे नेते असताना तुम्ही कुणावर हल्ला किंवा युद्ध करू शकत नाही, आणि तुमच्यावर कुणी आलंच तर त्याला दुप्पट लष्करी ॲक्शन मोजाव्या लागतात. दोन ओळींच्या नियमात त्या माणसाबद्दल इतकं नेमकं सांगणारा खेळ मी दुसरा पाहिलेला नाही.

आता मेख. या खेळात जितका विचार आहे, तितकीच कारकुनी आहे. टर्न संपला की आधी बघायचं, लोक नाराज आहेत का. नाराजांची संख्या मोकळ्या कामगारांपेक्षा जास्त झाली तर बंड होतं आणि त्या टर्नचं उत्पादन बुडतं. मग विज्ञान आणि संस्कृतीचे गुण सरकवायचे. मग भ्रष्टाचार, कारण गोदामात माल जितका पडून राहील तितका चोरीला जाणार. मग धान्य पिकवायचं, त्यातून लोकांनी खाल्लेलं वजा करायचं, मग खनिज, मग लष्करी कार्डं उचलायची. त्यात साध्या शेतीवरचं एक निळं टोकन (माल मोजायची सोंगटी) म्हणजे १ धान्य, सिंचनावरचं २, त्याच्या पुढच्या पायरीवर ३ आणि यांत्रिक शेतीवर ५. म्हणजे प्रत्येक खर्चाला सुटे करत बसायचं. हे दर टर्नला, आणि चौघांचं. एखाद्याने दोन टर्नमागे भ्रष्टाचाराचं टोकन द्यायचं विसरलेलं लक्षात आलं की पुढचा सगळा डाव संशयात.

आमच्याकडे खऱ्या पटाचा आणखी एक त्रास आहे, तो पुण्या-मुंबईच्या खेळाडूंना पटकन कळत नाही. मालवणच्या हवेत पुठ्ठा टिकत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की कार्डं कडेने वळायला लागतात, पट मधे फुगतो, आणि पेटी भिंतीला लागून ठेवली तर ऑगस्टपर्यंत पांढरी बुरशी. मी कार्डांना प्लास्टिकच्या स्लीव्ह घातल्या, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. फरक पडतो, पण श्रावण काढता काढता हवा आपलं काम करतेच. आणि परदेशातून मागवलेल्या खेळाची किंमत बघता तो असा डोळ्यांसमोर खराब होताना बघवत नाही.

दुसरी अडचण माणसांची. कोकणातल्या कुठल्याही घराला ती माहीत आहे. आमचे चौघे म्हणजे मी मालवणात, आतेभाऊ मस्कतला, मावसबहीण पुण्याला नर्स, आणि एक मित्र कुडाळात गणित शिकवतो. चौघे एका टेबलाभोवती बसायचे म्हणजे गणपती, आणि गणपतीत आरत्या, जेवणावळी, पाहुणे सांभाळून सलग चार-पाच तास कोण देणार? पेटी घरात होती आणि खेळणारे नव्हते, ही आमची बरीच वर्षांची अवस्था.

२०१७ साली याच खेळाच्या प्रकाशकांनी, म्हणजे चेक गेम्स एडिशनच्या डिजिटल विभागाने, त्याचं ॲप काढलं. आधी मोबाइल आणि टॅबवर, नंतर कॉम्प्युटरवर. आम्ही त्यावर खूप उशिरा गेलो, पण गेल्यापासून आमचा डाव बंद पडलेला नाही. आपल्या सवडीने आपला टर्न खेळायचा आणि फोन खिशात टाकायचा. मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, बहिणीच्या शिफ्ट बदलत्या, कुडाळचा मित्र शाळा सुटल्यावरच मोकळा. तरी डाव पुढे सरकतो. वादळात लाइन गेली, टॉवर बंद पडला, तर खेळ तसाच थांबून राहतो, आणि तोवर ॲपमधल्या एआयशी नेटशिवायही खेळता येतं.

पण सोय हे माझं मुख्य कारण नाही. मुख्य कारण म्हणजे हे ॲप शिकवतं. ट्युटोरियलमध्ये खुद्द व्लादाच तुमचा हात धरून एकेक गोष्ट समजावतो, गमती करत, कंटाळा येऊ न देता. माझ्या बहिणीने या खेळाचं नियमपुस्तक आजवर उघडलेलं नाही, आणि आज आमच्यात सगळ्यात पक्की खेळाडू ती आहे. तेच नियम मी तिला पेटी उघडून समजावायला बसलो असतो, तर पहिल्या तासातच ती म्हणाली असती, “दादा, जाऊ दे, आपण पत्ते खेळू.” चांगले खेळ बहुतेक वेळा इथेच मरतात. समजावून सांगणारा नसतो, किंवा समजल्यावर खेळायला माणूस नसतो. ॲपने दोन्ही सोडवलं.

आता कुडाळच्या मित्राचं म्हणणं, कारण ते हलकं नाही. तो म्हणतो, “हिशेब स्वतः केल्याशिवाय काय कळना नाय रे.” त्याचा मुद्दा असा: टोकन आपल्या हाताने उचलून ठेवलं की गोदाम रिकामं झाल्याचं हाताला कळतं. ॲपवर फक्त एक आकडा बदलतो. बंड होणार असेल तर ॲप आधीच बजावतं, केलेली चाल मागे घेऊ देतं, त्यामुळे माणूस विचार करायच्या ऐवजी बटणं दाबून बघतो काय होतं ते. आणि समोरच्याचा पट बघायला मुद्दाम त्याच्यावर बोट ठेवावं लागतं, म्हणून पहिले काही डाव सगळेच आपापल्यात गुंग होऊन खेळतात. टेबलावर मान वर केली की शेजाऱ्याने किती सैन्य जमवलंय ते दिसतं.

शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. लहान फोनवर तर हा खेळ मी कुणाला सुचवणारच नाही. कार्डावरचा मजकूर बारीक, खुणा भरपूर, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या डोळ्यांना त्याचा त्रास होतो. टॅब घ्या किंवा कॉम्प्युटरवर खेळा.

पण हिशेबाचा मुद्दा मी मान्य करत नाही. या खेळात बेरीज-वजाबाकी हा खेळ नाही. रेल्वे मंत्री स्वतः तिकिटं मोजत नाही. खेळ आहे तो निवडीत: आत्ता लोखंड घेऊ की अजून एक शेत? नेता बदलू की आश्चर्याचा शेवटचा टप्पा पुरा करू? दोन्ही परवडणार नाही, कुठलं सोडू? हा पेच ॲपने एक तसूभरही हलका केलेला नाही. उलट कारकुनी गेल्यामुळे सगळं डोकं तिथेच लागतं. चाल मागे घेता येते तीही आपल्याच टर्नमध्ये, नवं काही उघड व्हायच्या आधी. टेबलावर विचार करताना आपण टोकन उचलून परत ठेवतोच की.

आणि एक गोष्ट अशी आहे, जी टेबलावर कधी मिळणारच नाही. या खेळात युद्ध जाहीर केलं की निकाल लगेच लागत नाही. जाहीर करणाऱ्याचा पुढचा टर्न येईल तेव्हा दोघांचं बळ मोजतात. मधल्या काळात समोरच्याला सावरायला एक टर्न मिळतो. संस्कृतीवरचं युद्ध असेल तर बळात जितका फरक, तितके गुण हरलेल्याकडून जिंकणाऱ्याकडे जातात, आणि शेवटच्या युगात एवढ्यावरच डाव फिरतो. टेबलावर ही वाट पंधरा-वीस मिनिटांची. आमच्याकडे ती दिवसभराची होते. आतेभावाने माझ्यावर असं युद्ध जाहीर केलं त्या दिवशी मी बाजारात मासे घेताना, बँकेच्या रांगेत, सगळीकडे मनात सैन्यच मांडत होतो. रात्री त्याचा मेसेज: “मेल्या, काय करतलंस ता लवकर कर, माका झोप येना नाय.” म्हणजे तोही तितकाच अस्वस्थ. मोठ्या निर्णयाला लागणारा हा वेळ कागदी खेळाने मला कधी दिला नव्हता.

जे खरंच हरवलं, ते म्हणजे करार. तीन किंवा चार जण असले की खेळात दोघांमध्ये करार करता येतो. ॲपवर तो एक प्रस्ताव असतो, स्वीकारा किंवा नाकारा. टेबलावर त्याआधी दहा मिनिटांची घासाघीस होते, जुने हिशेब निघतात, शेजारी बसलेला मुद्दाम काडी घालतो. आमची बहीण या घासाघीशीत कुणाला ऐकत नाही, आणि ॲपवर तिचं हे कसब वाया जातं. आम्ही व्हॉट्सॲपवर बोलून ती जागा भरतो, पण लिहिलेल्या शब्दात समोरच्याच्या आवाजातली धाकधूक कळत नाही. इथे पट जिंकतो, मी मान्य करतो.

प्रत्येक खेळ पडद्यावर गेला पाहिजे असं मी म्हणत नाही. ‘विंगस्पॅन’ घ्या. एलिझाबेथ हारग्रेव्हचा २०१९ चा खेळ, मूळ पेटीत १७० पक्षी, प्रत्येकाचं वेगळं चित्र. त्याचं डिजिटल रूप २०२० मध्ये आलं आणि ते मनापासून केलेलं आहे: पक्षी हलतात, त्यांचे आवाज ऐकू येतात. तरी तो मी टेबलावरच खेळीन. त्यात हिशेब थोडका आहे, आणि हातात घ्यायची ती रंगीत अंडी, दाणापाण्याच्या बुरुजातून खडखडत पडणारे फासे, हाच त्यातला अर्धा आनंद आहे. तो काढून घेतला की पडद्यावरचा पक्षी कितीही गोड गायला तरी हात रिकामे राहतात.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. खेळातली कुठली मेहनत म्हणजे खुद्द खेळ, आणि कुठली नुसती हमाली, हे ॲप बनवणाऱ्याला ओळखता आलं का? ‘थ्रू द एजेस’ मध्ये ते अचूक ओळखलं गेलं, कारण खेळ ज्यांनी छापला त्यांनीच ॲप बनवलं.

आणि हे सगळं लिहिताना माझ्या डोक्यात आपली गंजिफा आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा: १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहाची पानं. चितारी कारागिरांनी हाताने रंगवलेली. राजघराण्याने ही कला पुन्हा उभी केली आणि राजवाड्यात आजही पानं रंगवली जातात, याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. पण पानं विकत घेणाऱ्यांपैकी खेळतं कोण? काचेच्या फ्रेममध्ये लावतात, आहेर म्हणून देतात. मी ओळखीच्या कितीतरी घरांत गंजिफा पाहिली, डाव मात्र एकाही घरात पाहिला नाही. एवढा जुना, एवढा डोकं लावणारा खेळ आपल्याच जिल्ह्यात भिंतीवर टांगलेला आहे.

त्याचं ॲप झालं पाहिजे, मराठीत, आणि व्लादासारखा कुणीतरी शिकवणारा त्यात हवा. निम्म्या रंगांत दहा मोठा आणि निम्म्या रंगांत एक्का मोठा, हा नियम नवख्याला पहिल्या दिवशी गोंधळात टाकतो. तिथे ॲपने खुशाल मदत करावी, कुठलं पान कुठल्यावर चढतं ते दाखवावं. पण पडून गेलेली पानं मात्र पडद्यावर दाखवू नयेत. तिघं खेळतात तेव्हा प्रत्येकाच्या हातात ४० पानं येतात, आणि कुणाकडे काय उरलंय ते लक्षात ठेवणं हाच गंजिफाचा गाभा. तिथे कुडाळच्या मित्राचं म्हणणं शंभर टक्के लागू पडतं, तिथे हिशेब म्हणजेच खेळ. कुठे हिशेब ही हमाली आणि कुठे तोच खेळ, हे ज्याला वेगळं करता येईल, त्याच्याच हातात हे काम जावं असं मला वाटतं.

ॲप बनवणारे मिळतील. सिंधुदुर्गातली कितीतरी पोरं बंगळूर-पुण्यात हेच काम करतात. अडचण नियमांची आहे. पानांबरोबर मिळणाऱ्या चिठ्ठीवर खेळ पूर्ण उभा राहत नाही. हात कसा मोजायचा, उतारी कुणाची, दिवसा रामाने आणि रात्री कृष्णाने सुरुवात होते ती नेमकी कशी, पान चुकलं तर काय, ही घरोघरची रीत आज फक्त जुन्या माणसांकडे आहे. तुमच्या घरात, सावंतवाडीत, वेंगुर्ल्यात, बांद्यात, कुणी आजी-आजोबा गंजिफा खेळलेले असतील, तर या मे महिन्यात गावी गेलात की त्यांच्यासमोर पानं मांडा आणि फोनवर रेकॉर्डिंग करा. एक पूर्ण डाव, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मधे न थांबवता. मला पाठवा. ते कागदावर नीट उतरवून काढायचं काम मी आणि कुडाळचे सर करू, त्यांनी शब्द दिलेला आहे.