भाड्याचा गेमर

आज दुपारी आमच्याच पडवीत बसून, आमचीच सोलकढी पिऊन ठाण्याच्या मामेभावाने मला ऐकवलं, "तू कसला गेमर रे? दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर भाड्याने खेळतोस." वर हसला. मामी समोर होती म्हणून गप्प बसलो. आता लिहितो.

मालवणजवळ देवबागात घर म्हणजे एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या पट्टीत आम्ही आणि आमचे माड. खिडकीचे गज, सायकलची चेन, गॅसची शेगडी, काही म्हणून टिकत नाही. अशा जागी मी शहाण्याने २०२१ च्या डिसेंबरात एक लाख दहा हजारांचा कॉम्प्युटर आणून ठेवला. तेव्हा चिपचा तुटवडा, त्यात गेमची चित्रं काढणारी ग्राफिक्स कार्डं क्रिप्टोवाल्यांनी उचललेली, भाव नुसते पेटलेले. चार वर्षं साठवलेले पैसे होते ते.

२०२३ च्या पावसात एका सकाळी चालूच होईना. झाकण काढलं तर कार्डाच्या पत्र्यावर तांबडी पूड, एचडीएमआयच्या भोकात पांढरी, आणि स्क्रू फिरवायला गेलो तर त्याचं डोकंच हातात आलं. आई मागून म्हणाली, "मिठान खाल्ल्यान रे तुझो पेटारो." कुडाळच्या पोराने रॅमची सोनेरी पट्टी खोडरबराने घासून दिली. शाळेतलं खोडरबर, वर मिकी माऊस. पंधरा दिवस चालला. परत घासला. मग आठ दिवस. जिथून घेतला ते म्हणाले, गंज वॉरंटीत बसत नाही.

लाख दहा हजार रुपये आणि पाच रुपयांचं खोडरबर!

आणि हा मला भाडं शिकवतोय. अरे, भाड्याने काय वाईट आहे? होडी भाड्याने घेतोच ना आपण? एक्सबॉक्सचं क्लाऊड गेमिंग २०२५ च्या नोव्हेंबरात भारतात सुरू झालं तेव्हापासून मी जुन्या लॅपटॉपवर खेळतो. गेम चालतो कंपनीच्या कॉम्प्युटरवर; इंटरनेटवरून माझ्याकडून जातात ती बटणं, तिकडून येतो तो व्हिडिओ. कार्ड त्यांचं, एसी त्यांचा, गंज चढलाच तर तोही त्यांचा. त्यात आता रॅमचे भाव परत चढलेत. घेऊ आणि परत मिठाला घालू?

हो, बटण दाबलं की किंचित उशिरा लागतं. मारामारीच्या गेममध्ये तर कळतंच. पंचवीस एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला अकरा जीबी खातो, म्हणजे मोबाईलचा रोजचा दोन जीबी दहा मिनिटांत संपला, तेव्हा फायबर नसेल त्याने नादाला लागू नये. आणि जून-जुलैत माड पडला की वायरही पडते. मान्य. पण त्या दिवशी लाईटही नसते, तेव्हा तुझा स्वतःचा कॉम्प्युटर काय चुलीवर चालणार होता?

"कंपनीने दुकान बंद केलं तर?" हेही विचारलं त्याने. केलंय ना, गूगलने स्टेडिया नावाचं असंच क्लाऊड गेमिंग जानेवारी २०२३ मध्ये बंद केलं. पण घेतलेल्या गेमचे पैसे तरी परत दिले. माझा एक रुपया कुणी परत केला? खोडरबरसुद्धा माझंच होतं.

जाऊ दे. त्याचाही दोष नाही. चौदाव्या मजल्यावर राहतो, मीठ त्याला फक्त डब्यात दिसतं. लहानपणी मे महिन्यात यायचा तेव्हा आम्ही दोघं एकाच व्हिडिओ गेमच्या रिमोटसाठी भांडायचो, आणि तो गेमसुद्धा शेजारच्यांचा असायचा. हे त्याला दुपारी आठवायला हवं होतं. मलाही आत्ताच आठवलं म्हणा.

संध्याकाळी गुपचूप माझा लॅपटॉप घेऊन बसलाच. मासे तळून झाले तरी उठेना. मग म्हणाला, माझं जुनं कार्ड पडून आहे, फुकट देतो, घेऊन जा.

मी आत जाऊन ते मिकी माऊसवालं खोडरबर आणलं आणि त्याच्या पानाशेजारी ठेवलं. अर्धं झिजलंय.